पाहुण्याची सुरमई

"सुरमई घेणार की पापलेट?" असं लीलाकाकीने विचारलं, तेव्हा कौस्तुभने आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती, भिंतीवर मालवणातल्या कुणा सोनाराचं कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरवर गणपती. गणपतीला कुणी पापलेट विचारत नाही, म्हणजे प्रश्न आपल्यालाच होता. "आपण सांगा ना, संकोच करू नका," लीलाकाकी म्हणाली. महिनाभर या बाईने त्याला 'रे', 'मेल्या' आणि अगदीच मायेचं भरतं आलं तर 'शिरां पडो तुझ्या तोंडार' याखेरीज कशानेही हाक मारली नव्हती. आज ती रोजचा गाऊन आणि त्यावरचा टॉवेल सोडून इस्त्रीची साडी नेसून उभी होती. हातात काचेची प्लेट होती, जी कपाटातून फक्त लग्नाच्या बोलण्यांना बाहेर येत असे. आणि तोंडात मराठी होती ती थेट सरकारी पत्रातली. "सुरमई," तो म्हणाला, कारण दोन्ही नको म्हणायची सोय त्या प्रश्नात ठेवलेली नव्हती. "उत्तम," काकी म्हणाली आणि आत गेली. उत्तम! हा शब्द या घरात आजवर फक्त काकीच्या मुलाच्या, बाळाच्या, सरकारी नोकरीतल्या गोपनीय अहवालात शिरला होता, आणि तिथेही साहेबांनी तो खोडून 'चांगला' केला होता. मग सुरमई आली. दोन जाड तुकड्या, रव्यात घोळलेल्या, बाजूला कांद्याची चकती आणि लिंबाची फोड, हॉटेलात असते तशी. कौस्तुभने घास घेतला. चव चोख होती. त्याला कुणीतरी शांतपणे, व्यवस्थित, लिंबू पिळून घराबाहेर काढत होतं, एवढं त्याला त्या घासात कळलं. का काढत होतं ते कळायला अजून दोन तुकड्या जायच्या होत्या.

तसा तो इथे आला होता तो कामासाठी, असं कंपनीचं म्हणणं होतं. कंपनी पुण्याची. कुठल्या गावात काय खावं आणि रात्री कुठे जावं हे लोकांना मोबाइलवर सांगायचं, हा तिचा धंदा. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पर्यटनाच्या कॉलेजातली पोरं धरून त्यांना गावोगाव पाठवायचं, ही तिची युक्ती. त्याला 'इंटर्नशिप' म्हणत. चलाख मुलांनी गोवा घेतला, त्याहून चलाख मुलीने पाँडिचेरी घेतलं, आणि कौस्तुभ त्या दिवशी बस चुकल्याने उशिरा पोचला, तेव्हा मालवण शिल्लक होतं. "गोव्याच्या शेजारीच आहे रे," कंपनीच्या शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या होत्या, मेडिकल हुकलेल्याला फार्मसीचं सांगतात त्या आवाजात. "फूड तर आहेच. पण मला नाईटलाइफ हवंय. शोध." त्याने शोधलं. पहिल्याच आठवड्यात तो बंदरावर गेला, तर तिथे गोळेवाला बर्फ झाकत होता. तो बारमध्ये गेला, तर तिथे निळा दिवा होता, शोभेच्या माशांची काचेची पेटी होती, आणि चार माणसं घरी जायच्या शेवटच्या गाडीवर डोळा ठेवून इतकी मुकाट पीत होती, की त्याला आपण तेराव्याला आल्यासारखं वाटलं. चिवल्याच्या किनाऱ्यावर एक जोडपं बसलं होतं. त्यांनी त्याला फोटो काढायला लावला आणि मग पिठूर चांदणं नुसतं वाळूवर पडून राहिलं. बाजारपेठेत शटरं खाली येण्याचा तो एक आवाज, घर्रर्र, एकामागून एक, जणू गावच घसा खाकरून झोपायला निघालंय. त्या आवाजाची त्याला सवय झाली, मग ओढ लागली. कारण शटरं पडली की तो लीलाकाकीच्या घरी जाई, जिथे कुणाच्या तरी ओळखीने त्याची राहायची सोय झाली होती, आणि घरी पडवीत माणसं असत.

त्या पडवीला मॅडमच्या भाषेत काय म्हणतात हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. काकीचा मुलगा बाळा ओरोसला सरकारी कचेरीत होता. रोज एसटीने जायचा, एसटीने यायचा. आणि कसालच्या फाट्याला गाडी वळली की त्याची मराठी बदले. जाताना फाट्यापर्यंत मालवणी, पुढे 'सदर प्रकरणी', येताना उलट. एकदा कौस्तुभ त्याच्याबरोबर गेला होता तेव्हा त्याने हे आपल्या कानांनी ऐकलं: बाळा एका शेतकऱ्याला "आपला अर्ज विचाराधीन आहे" म्हणाला, तोच शेतकरी संध्याकाळी गाडीत शेजारी बसला, फाटा मागे पडला, आणि बाळा म्हणाला, "तुजो अर्ज मरे, तो खालीच पडलो आसा. उद्या वर घालतंय." शेतकरी दोन्ही वेळेला समाधानी दिसला. रात्री पडवीत बाळा हे असलंच काही सांगे, शेजारपाजारची माणसं बॅटऱ्या विझवून पायरीवर बसत, काकी दाराच्या चौकटीला पाठ लावून फणसाच्या आठळ्या सोलत असे आणि मध्येच एखाद्याची गोष्ट मुळापासून उपटून टाकी. "खोटां सांगता तो. ती बायल पळान गेली नाय, तिका भावान नेल्यान." गजाली म्हणत त्याला. कौस्तुभला पहिले आठ दिवस निम्मं कळत नव्हतं, तो योग्य ठिकाणी हसायला शिकला, मग हळूहळू हसण्याचं कारणही समजू लागलं. आणि एके रात्री तो बोलत असताना काकी म्हणाली, "गप रे मेल्या, तुका काय म्हायती," तेव्हा त्याच्या अंगावर एक ऊबदार काटा आला. त्याला कुणी गप केलं होतं. गप करायला माणूस आधी बोलण्यात असावा लागतो.

ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून पटली नसती. चार वर्षं तो शिकायला मामाकडे होता, कोथरूडला, आणि मामी म्हणजे सोन्यासारखी बाई. त्याचा कप वेगळा होता, निळ्या फुलांचा. त्याचा टॉवेल वेगळा होता. त्याला रोज विचारलं जाई, "अजून घेणार का रे? लाजू नकोस हं." मामेभावाला कुणी विचारत नसे; त्याला मामी दटावून वाढी आणि तो ओरडे. एकदा कौस्तुभच्या हातून काचेचा बोल फुटला, मामीच्या माहेरचा, सहातला एक. मामेभावाने फोडला असता तर घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. मामी म्हणाली, "असू दे हं. तुला लागलं नाही ना? काही हरकत नाही," आणि स्वतः काचा गोळा केल्या. कौस्तुभ न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडला. का रडला हे त्याचं त्यालाच कळेना; चांगलं वागवलं म्हणून रडणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. आणि इथे, आल्यापासून दुसऱ्या आठवड्यात, विहिरीवर त्याच्या हातून कळशी सुटली आणि तळाला गेली, तर काकीने अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा त्याचा उद्धार केला. त्याच्या आईबापांचा केला, पुण्याचा केला, त्याच्या कॉलेजाचाही केला. मग गळ आणून दोघांनी मिळून कळशी काढली. त्या रात्री तो इतका गाढ झोपला, की सकाळी उठून त्याला आपण कुठे आहोत ते आठवायला वेळ लागला, आणि आठवल्यावर बरं वाटलं.

पेज सुरू झाली ती त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आला त्या दिवशी सुरमई होती, पाहुण्याला असते तशी. मग सुरमई बंद झाली आणि त्याच्या पुढ्यात सकाळच्या उन्हात एक जर्मनचा, म्हणजे अल्युमिनियमचा, टोप आला: उकड्या तांदळाची पेज, वाफ येणारी, आणि पानाच्या कडेला चुलीत भाजलेला खारा बांगडा, वर खोबरेल तेलाचे दोन थेंब. बांगड्याचा वास आधी नाकात गेला, मग घशात, मग कुठेतरी आणखी खाली, जिथे वास जातात असं पुस्तकात लिहिलेलं नाही. पेजेचा घोट, बांगड्याचा कण, पुन्हा घोट. हॉटेलांतल्या थाळ्या तो कामासाठी खात होता, त्यांना तारे देत होता. हे तो फुकट खात होता आणि याला द्यायला त्याच्यापाशी तारा नव्हता. म्हणजे तसं त्याला वाटत होतं. मग मॅडमचा फोन आला की नाईटलाइफ नाही तर नाही, निदान काहीतरी असं दे जे कुणाकडेच नाही. आणि कौस्तुभने, मनापासून, डोळ्यांत थोडंसं पाणी आणून, लिहिलं. 'मालवणचं दडलेलं रत्न: लीलाकाकींची पेज.' सोबत फोटो: गाऊनवर टॉवेल घेतलेली काकी, विळीवर बसून नारळ खवताना, केस सुटलेले, मागे काळीकुट्ट चूल. 'मी इथे पाहुणा आहे,' त्याने लिहिलं होतं, 'आणि काकी मला रोज पेज आणि सुका बांगडा वाढतात. याहून श्रीमंत पाहुणचार मी पाहिला नाही.'

आता या वाक्यात काय चुकलं हे पुण्यात कुणालाच दिसलं नाही, उलट मॅडमनी त्याला तीन टाळ्या पाठवल्या. पण मालवणात ते वाक्य वाचायला एक मिनिट पुरलं. मे महिना, चाकरमानी आलेले, प्रत्येक पडवीत मुंबईचा एकेक मोबाइल. काकीची जाऊ रश्मी डोंबिवलीहून आली होती, तिने ते सगळ्या वाडीसमोर मोठ्यांदा वाचून दाखवलं, अर्थ नीट लागावा म्हणून पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, "वैनी, पावण्याक तुमी पेज घातलास?" पाठोपाठ दुपारी कोल्हापूरची एक गाडी दारात येऊन थांबली आणि आतल्या बाईने काच खाली करून विचारलं, "पेज मिळेल का? सहाजणांना?" तेव्हा कौस्तुभ बाजारात एका खानावळीच्या सोलकढीला तारे मोजत होता. तो परत आला तो त्या इस्त्रीच्या साडीसमोर.

यामागचं कारण त्याला बाळाने नंतर सांगितलं, मोटारसायकलवर, वाऱ्यात अर्धं उडून जाईल अशा बेताने. "पेज आमी खातंव. घरात. पावणो इलो तर उसनवार करून पण मासो हाडतत. माझ्या आजयेन कोंबो नसताना शेजारचो कोंबो कापलेलो, पावण्यासाठी. आणि तू जगाक सांगितलंस, पावण्याक हिणा पेज घातल्यान म्हणान."

"पण मला आवडली म्हणून लिहिलं. प्रेमाने लिहिलं."

"तां म्हायत आसा. म्हणान तर जास्त लागला तिका." बाळाने एक खड्डा चुकवला आणि दुसऱ्यात घातली. "तिका तू पावणो वाटत नव्हतंस रे. पण तूच लिवलंस, मी पावणो. आता ती काय करतली? पावणो तर पावणो. घे सुरमय."

त्याने ते पान काढून टाकलं. कशाचा उपयोग झाला नाही. काढून टाकलेल्या पानाचे फोटो आधीच वाडीवाडीतून फिरत होते. त्याने माफी मागितली. काकी म्हणाली, "छे छे, आपलं काय चुकलं? आमच्याकडूनच कमतरता राहिली." त्याने भांडी घासायला घेतली, तिने त्याच्या हातातून ती हलकेच काढून घेतली, जशी लहान मुलाच्या हातातून कात्री घेतात. सोमवार आला. सोमवारी या घरात मासळी शिजत नाही. कौस्तुभला वाटलं, आज तरी सुटका. दुपारी बाळा खानावळीतून पार्सल घेऊन आला, सुरमई थाळी, एकट्या कौस्तुभपुरती, आणि ते घरात नको म्हणून काकीने त्याला पडवीत पाट मांडून दिला. आतून सगळ्यांच्या पेज पिण्याचा आवाज येत होता. पापडाचा आवाजही आला. तो बाहेर बसून काटा काढत होता आणि त्याला एकदम कोथरूडचा तो निळ्या फुलांचा कप दिसला, त्याच्यावर सुरमई ठेवलेली. रात्री पडवीत गजाली चालत, पण तो आला की काकी उठून त्याला खुर्ची देई. इतर सगळे पायरीवर. खुर्चीतून गजाली ऐकता येत नाहीत. खुर्चीतल्या माणसासाठी लोक गोष्ट स्वच्छ करून सांगतात. इंटर्नशिपचे थोडे दिवस उरले होते. मग तो जाणार, बॅग भरणार, काकी हातावर साखर ठेवणार, 'पुन्हा यावं' म्हणणार, आणि तो पुन्हा कधीच येणार नाही. पाहुणा म्हणून पुन्हा जावंसं वाटावं अशी जागा जगात कुठलीच नव्हती, कोथरूडसुद्धा नाही. हे त्याला इतकं लागलं की त्याने मॅडमच्या 'नाईटलाइफचं काय झालं?' या निरोपाला नुसता अंगठा पाठवला.

अशात वाडीची पूजा आली. दर मे महिन्यात देवळापाशी सत्यनारायण असे, आणि संध्याकाळी डबलबारी, म्हणजे दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर बसून भजनातून एकमेकांची आणि मध्ये सापडेल त्याची कातडी सोलणार. देवळासमोर मांडव, कर्णे नारळीच्या झाडांवर बांधलेले, चाकरमान्यांच्या पोरींचे नवे ड्रेस, चहाची किटली, शेंगदाण्याचा वास, उदबत्तीचा वास, आणि देवळाच्या मागल्या अंगाला पंगती. भात, काळ्या वाटाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, शिरा. वाडीतल्या बायका रांधत होत्या, वाडीतले पोरगे वाढत होते, आणि पहिल्या पंगतीला पाहुणे. लीलाकाकी स्वतः त्याला घेऊन आली. "आपण इथे बसा," म्हणाली. त्याच्या उजवीकडे आचऱ्याचे कुणी जावई होते, डावीकडे रश्मीबाई. पुढ्यात पत्रावळ, पत्रावळीवर मीठ, आणि फक्त त्याच्याच पुढ्यात पाण्याची सीलबंद बाटली. मांडवात पखवाज घुमत होता. मंगेशबुवा हे दोन बुवांतले जुने जाणते, आवाज असा की कर्ण्याची गरज कर्ण्यालाच वाटावी. त्यांनी गजर उचलला, दोन ओळी देवाच्या झाल्या, आणि तिसरी आली:

"सुरमय गेली खंय गो बाये, पापलेट गेला खंय?
पावण्याक घातलंस पेज नि बांगडो, लाज कशी नाय?"

झांजा कडकडल्या, मंडळाने ओळ उचलली, मांडव हसला. हसू मांडवातून देवळाला वळसा घालून पंगतीत आलं, एकेका पानावरून पुढे सरकत. आचऱ्याचे जावई खाली मान घालून हसले. रश्मीबाईंनी तोंडाला पदर लावला. काकी शिऱ्याचं ताट घेऊन दहा पावलांवर उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, अगदी सरकारी कोरा कागद. फक्त ताट जरा तिरकं झालं होतं आणि एक केळ्याचा काप घरंगळून जमिनीवर पडला. तिने तो पाहिलाही नाही. दुसऱ्यांदा ओळ आली. लाज कशी नाय. कौस्तुभला आपल्या कानाच्या पाळ्या तापलेल्या जाणवल्या. त्याला वाटलं ओरडून सांगावं की पेज चांगली होती. पण ते तर त्याने आधीच सांगितलं होतं, जगाला, फोटोसकट, आणि त्याचंच हे झालं होतं. या गावात सांगून काही होत नव्हतं. पाहुणा काय सांगतो यापेक्षा पाहुणा कुठे बसतो हे लोक बघत होते, आणि तो बसला होता पहिल्या पंगतीत, सीलबंद बाटलीसमोर.

तो उठला. पंगतीतून पान टाकून उठणं म्हणजे काय, हे त्याला आजूबाजूच्या 'अरे, अरे' मधून कळलं, पण तोवर तो उठला होता. रांगेच्या टोकाला बाळा आमटीची बादली घेऊन उभा होता. कौस्तुभने बादलीची कडी धरली. "अरे तू पावणो—" बाळा म्हणाला, आणि का कोण जाणे, थांबला, आणि बादली सोडली. ती भलतीच जड होती. कौस्तुभने पळी बुडवली आणि पहिल्या पानावर आमटी ओतली, दुसऱ्यावर ओतली, तिसऱ्यावर. भात अजून आला नव्हता. आमटी पत्रावळीच्या शिवणीतून निघाली, मिठाला घेऊन गेली, आणि आचऱ्याच्या जावयांच्या पांढऱ्या लेंग्यात शांतपणे शिरली.

"रे मेल्याऽऽ!" असा काकीचा आवाज आला की मांडवातला पखवाज एक ठोका चुकला. "भात खंय आसा? भात नसताना आमटी वततंस? डोळे फुटले तुझे? शिकान काय केलंस पुण्यात, माती? आधी भात! ठेव ती बादली! नको ठेवू, जमनीर नको! जावयांनू, उठा तुमी, लेंगो धुवा. ह्या मेल्याक आमी वाडूक शिकवक नाय, माझीच चूक. बघतंस काय? भाताचो हारो घेवन ये!"

कौस्तुभ धावला. पंगत आता जे हसत होती ते हसू वेगळं होतं. ते त्याच्यावर होतं, पण त्याला पोटात घेऊन होतं. कुणीतरी म्हणालं, "पावणो खंयचो? ह्यो तर वाडता." दुसरं कुणी म्हणालं, "वाडता कसलो, बुडयता." एक पोरगा ही बातमी घेऊन मांडवात पळाला, आणि दुसरे बुवा, जे इतका वेळ चहा घेत आपल्या पाळीची वाट बघत होते, त्यांनी कप खाली ठेवून आपल्या मंडळाला खूण केली:

"घरच्या झिलाक पेजच बरी, तेका सुरमय कित्याक?
पावणो तू रे मंगेशबुवा, जा आपल्या घराक!"

घरचा झील, म्हणजे घरचा मुलगा! मांडव उसळला. मंगेशबुवांनी हात जोडून हसत मान लववली, पण पुढच्या पाळीला त्यांनी विषय बदलला, असं लोक नंतर सांगत होते. कौस्तुभला यातलं काही नीट ऐकू आलं नाही. तो भात वाढत होता. हारा कमरेवर, वाफ तोंडावर, घाम डोळ्यांत. खिशात मोबाइल थरथरत होता, बहुधा मॅडम, बहुधा नाईटलाइफ, आणि त्याचे दोन्ही हात भाताने भरले होते. काकी त्याच्या मागोमाग येत होती आणि प्रत्येक पानापाशी काहीतरी बोलत होती. कमी घातलंस. जास्ती घातलंस. हळू. मेल्या, त्यांका डायबेटीस आसा, रास कित्याक करतंस? पोटात भूक अशी कडाडली होती की हाऱ्यातच तोंड घालावं, आणि कुणीही, एकाही माणसाने, त्याला जेवलास का विचारलं नाही. वाढणारे शेवटच्या पंगतीला बसतात. तोवर शिरा संपतो, असं बाळाने जाताजाता सांगितलं.

तिसऱ्या रांगेत टोकाला एक म्हातारे बसले होते, अप्पा म्हणत होते त्यांना सगळे, बऱ्याच वर्षांनी बोरिवलीहून आलेले. कौस्तुभ आमटीची बादली घेऊन त्यांच्यापुढे वाकला तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला आणि चष्म्यावरून त्याला निरखलं. गावात प्रत्येक तोंड कुणाच्या ना कुणाच्या तोंडावरून ओळखू येतं, हे मात्र येईना.

"तू कोणाचो रे?" त्यांनी विचारलं.

कौस्तुभने तोंड उघडलं. आई, बाबा, पुणे, कॉलेज, कंपनी, सगळं जिभेवर एकदम आलं आणि त्यातलं एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"तेका काय इचारतास, अप्पा?" मागून लीलाकाकी म्हणाली. ती पुढच्या पानावर लोणचं टाकत होती, तिने वळूनही पाहिलं नाही. "आमचोच तो. तुमी जेवा."

अप्पांनी आणखी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग काकीच्या पाठीकडे, आणि काहीतरी जुळल्यासारखी मान हलवली. आडवा धरलेला हात काढून त्यांनी बोटांनी भाताच्या मध्यावर छान खोल आळं केलं.

"वत मग," ते म्हणाले. "बघतंस काय?"